आरामखुर्चीचे मर्म

ज्या देशात राजे गादीवर, सावकार लोडाशी, भिक्षुक पाटावर आणि उरलेली सारी रयत भुईवर बसत आली, त्याच देशात आज एखादी जुनी खुर्ची वाडवडिलांची ठेव म्हणून जपली जावी, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी अशी ठेव ठेवली नाही त्यांनी मुंबईच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात अर्धा अर्धा दिवस घासाघीस करून दुसऱ्याच्या वाडवडिलांची विकत आणावी, यात थोडी गंमत आहेच. आपल्याकडे खुर्चीला प्रतिष्ठा मिळाली ती प्रथम हुद्द्याची खूण म्हणून. इंग्रजी अमदानीत साहेबाच्या भेटीस गेलेल्या इसमास बसावयास खुर्ची मिळते, की उभ्यानेच अर्ज गुदरावा लागतो, यावर त्याची पत ठरे. उत्तर हिंदुस्थानात तर ‘कुर्सीनशीन’ हा मान सरकारदप्तरी नोंदला जाई.

कचेरीतली ही ताठ खुर्ची घराच्या ओसरीवर येताना मात्र मागे रेलली आणि तिचे हात लांबले. आपण जिला आरामखुर्ची म्हणतो, तिच्या अस्सल जुन्या घाटात पाठ आणि बैठक असा भेद जवळजवळ नसतोच. मानेपासून मांडीपर्यंत वेताची एकच उतरती जाळी असते, आणि हाताच्या रुंद फळीखाली तितकीच लांब दुसरी पट्टी एका खिळीवर फिरत असते, ती पुढे ओढली की तिच्यावर पाय टाकून स्वस्थ पडता येते. काही खुर्च्यांच्या हातात पेला ठेवण्यापुरते वाटोळे भोकही कोरलेले आढळते. मळेवाल्या गोऱ्यांनी उष्ण प्रदेशांत रूढ केलेला हा घाट वकिलांनी, मामलेदारांनी आणि कोकणातल्या खोतांनी बिनतक्रार उचलला. गोव्यातल्या जुन्या घरांत तो ‘व्होल्तेर’ या नावाने नांदतो. या खुर्चीविषयी हळवे होणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये, की बहुतेक घरांत तिच्यावर कर्त्या पुरुषाखेरीज कोणी बसत नसे, आणि ज्या गृहिणीच्या पाठीला विश्रांतीची खरी गरज होती तिला ती खुर्ची झाडण्यापुसण्यापुरतीच ठाऊक होती. आज तीच खुर्ची घरातल्या कोणाच्याही वाट्याला येते, ही तिच्या इतिहासातली सर्वांत चांगली घडामोड होय.

तिच्या सुखाचे रहस्य वेतात आहे. वेताच्या सालीच्या अरुंद पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करतात आणि चौकटीला ओळीने पाडलेल्या भोकांतून प्रथम उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि अखेरीस दोन्ही कर्णांच्या दिशांनी ओवतात. अशा सहा पदरांनी ती परिचित अष्टकोनी छिद्रांची जाळी सिद्ध होते, आणि पट्ट्या वाळताना आकसत असल्याने ती ताणली जाते. तिच्यातून पाठीला वारा लागतो, घाम साचत नाही, आणि अंगाच्या भाराने ती हवी तेवढीच दबते. चैत्र-वैशाखात गुबगुबीत सोफ्यावर बसून पाहिलेल्या मनुष्यास याचे मोल निराळे सांगावयास नको. कोणे एके काळी या भोकांतून ढेकणांचीही अखंड वहिवाट असे आणि घराघरांतून खुर्च्या उन्हात काढून त्यांच्यावर उकळते पाणी ओतण्याचा कार्यक्रम होई, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याचे काम दीर्घकाळ अंध कारागिरांच्या हाती होते, कारण त्या विणीचा सारा हिशेब बोटांनाच कळतो. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि त्यांचे ते काम आटले.

परंतु मला स्वतःला या खुर्चीचे खरे मोल तिच्या सांध्यांत दिसते. एका लाकडात भोक पाडून त्यात दुसऱ्या लाकडाचे कुसू बसवावे, त्याला सरस लावावा आणि वर लाकडी खुंटी ठोकावी, ही जुनी रीत. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला हा सरस उष्णता आणि ओलावा मिळताच पुन्हा मऊ पडतो, आणि म्हणून शंभर वर्षांपूर्वीची खुर्चीही सुताराला लाकूड न फोडता उकलता येते, तिचा एखादा किडलेला पाय बदलता येतो आणि ती पुन्हा पूर्ववत जोडता येते. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची आजची खुर्ची एकदा खिळखिळी झाली की तिला इलाज नाही. जुन्या खुर्चीच्या घडणीत दुरुस्तीची तरतूद पहिल्या दिवसापासूनच केलेली असते.

ज्याची आपल्याला किंमत नसते त्याची लोकांना असते, याचा दाखला चंडीगडने दिला आहे. त्या शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने 1950 नंतरच्या काळात तेथील कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी तिरक्या पायांच्या सागवानी, वेताने विणलेल्या हातखुर्च्या घडवून घेतल्या. पुढे सरकारी खात्यांनी त्या मोडीत काढून लिलावात फुंकल्या आणि परदेशांतल्या लिलावगृहांत त्यांना लाखांनी बोली लागली. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होणारा 1972 चा पुरावस्तूंचा कायदा इतक्या अलीकडच्या फर्निचरला लागू नव्हता. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृहखात्याला त्यांची विक्री थांबविण्याचा निराळा हुकूम काढावा लागला.

मागणी वाढली की नक्कल येते. तेव्हा विकत घेणाराने खुर्ची खुशाल उलटी करून पाहावी. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस जुना सुतार पॉलिश वाया घालवीत नसे. तेथे पटाशीच्या आणि रंध्याच्या असमान खुणा सापडल्या पाहिजेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 नंतरचा, तेव्हा मूळ सांध्यात तो दिसला तर विक्रेत्याने सांगितलेली राजवाड्याची कथा आदराने ऐकून घ्यावी व भाव निम्मा करावा. झीज कोठे आहे तेही पाहावे: हाताच्या टोकांशी, जेथे पंजे विसावतात, तेथे ती असलीच पाहिजे, सर्वत्र सारखी झिजलेली खुर्ची काचकागदाने झिजवलेली असते.

आणि ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी खुर्ची मोडून पडली असेल, त्यांनी ती भंगारवाल्यास देण्यापूर्वी एखाद्या वेत विणणाराला दाखवावी. जाळी नुसतीच सैल पडली असेल तर तिच्या खालच्या बाजूने गरम पाण्याचा फडका फिरवून ती सावलीत वाळवली तरी बहुधा पुरते.