बॅकअप घेतला, पण तो गेला कुठे? डिस्क 'माउंट' होणं म्हणजे काय, समजून घ्या

विंडोजमध्ये साधारणपणे प्रत्येक डिस्कला सी, डी, ई असं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये तसं नसतं. तिथे सगळ्या फोल्डरचं मिळून एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्यातल्याच एखाद्या फोल्डरवर जोडली जाते. या जोडणीला 'माउंट' म्हणतात.

माउंट होताना नेमकं काय घडतं?

डिस्कवर फाइल्स कोणत्या पद्धतीने मांडल्या आहेत, हे ऑपरेटिंग सिस्टिम तपासते. मग ती नोंद करते, की या फोल्डरमध्ये शिरलं की पुढचं सगळं त्या डिस्कवरून वाचायचं. एकही फाइल कॉपी होत नाही.

फोल्डरमध्ये आधीच फाइल्स असतील तर?

त्या डिलीट होत नाहीत, फक्त झाकल्या जातात. डिस्क 'अनमाउंट' केली की पुन्हा दिसू लागतात.

मग धोका कुठे आहे?

समजा, बॅकअपची डिस्क माउंट झालीच नाही. तरी तिच्यासाठी बनवलेला रिकामा फोल्डर जागेवर असतोच. बॅकअपचा प्रोग्रॅम मुकाट्याने त्यातच फाइल्स टाकत राहतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ डिस्कवरच. ती डिस्क बिघडली, तर मूळ फोटोही जातात आणि बॅकअपही.

हे कसं टाळायचं?

बॅकअपआधी टर्मिनलमध्ये 'डीएफ' ही कमांड चालवा. माउंट झालेल्या डिस्कच्या यादीत तुमचा बॅकअप फोल्डर दिसत नसेल, तर आधी डिस्क माउंट करा आणि मगच बॅकअप घ्या.