आजऱ्यात आता ग्रामसभा का भरत नाही?

आजरा : आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजमार्गे कर्नाटकात जाते. नदीकाठचं, संकेश्वर-बांदा रस्त्यावरचं हे गाव पूर्वी इचलकरंजी जहागिरीत होतं. आज ते तालुक्याचं ठिकाण आहे आणि घनसाळ तांदळासाठी ओळखलं जातं.

गावचा कारभार आधी ग्रामपंचायतीकडे होता. नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०१८ मध्ये झाली. गावाचे १७ प्रभाग झाले. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, सदस्यांच्या जागी नगरसेवक आणि ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले.

ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. पूर्वी कुणीही मतदार सभेत उभा राहून खर्चाचा हिशेब विचारू शकायचा. आता सभागृहात नगरसेवकच बोलतात. त्यामुळे आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हे माहीत असायलाच हवं.

कोणत्या कामाला कुठं जायचं?

- पाणी, गटार, घरफाळा, बांधकाम परवाना, जन्म-मृत्यू दाखला : नगरपंचायत
- सातबारा, फेरफार : पूर्वीप्रमाणेच तलाठी
- घरकुल : ग्रामीण नव्हे, शहरी योजनेतून

पंचायत समितीचं ऑफिस आजऱ्यातच आहे. पण तिच्या आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतदान करतात ते तालुक्यातल्या इतर गावांचे मतदार. शहरवासीयांचं मत नगरपंचायतीलाच. म्हणून हिशेब हवा असेल तर तिथं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.