महाभारताचे प्रथम वाचन : परिचित कथा, अपरिचित ग्रंथ

महाभारताची कथा आपल्याला कीर्तनातून, नाटकांतून आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांतून परिचित झालेली असते. त्यामुळे ग्रंथाचे भाषांतर हाती घेतले की तीच कथा पुन्हा भेटेल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात आदिपर्वाच्या आरंभी भेटतात ते उत्तंक, रुरू, गरुड आणि आस्तीक. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत पांडवांच्या जन्मापर्यंत पोहोचण्यासाठी शंभरांहून अधिक अध्याय वाचावे लागतात. अनेक वाचक येथेच थांबतात आणि ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’, असे ठरवून टाकतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. गोंधळाचे कारण वाचकाची असमर्थता नसून, कादंबरी वाचण्याची त्याची सवय हे आहे.

महाभारतात कथा आपोआप उलगडत नाही. कोणीतरी विचारते, म्हणून कोणीतरी सांगते. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो. ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांच्या मुखातून ऐकलेली असते. त्या कथेच्या पोटात संजय धृतराष्ट्राला युद्धाचा वृत्तान्त सांगतो. निवेदनाचे हे तीन स्तर ध्यानी आले की पाल्हाळ वाटणारा भाग अर्थपूर्ण होतो. जनमेजयाने पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी सर्पकुळाचा संहार मांडला आहे. आणि त्याच यज्ञमंडपात सुडापायी झालेल्या स्वतःच्या कुळाच्या संहाराची कथा तो ऐकतो आहे. ही कथा कोणाला सांगितली जाते, यातच तिचा अर्धा अर्थ सामावलेला आहे.

दुसरे उदाहरण भीष्मपर्वाचे. रणभूमीवरून परतलेला संजय प्रथम भीष्म पडल्याची वार्ता सांगतो. दहा दिवसांच्या युद्धाचे सविस्तर वर्णन त्यानंतर येते. भगवद्गीताही या वार्तेनंतरच येते. म्हणजे गीतेच्या आरंभी प्रश्न विचारणाऱ्या धृतराष्ट्राला भीष्मांचे पतन आधीच ठाऊक आहे. गीता स्वतंत्र पुस्तक म्हणून वाचणाऱ्याला त्या प्रश्नामागील व्याकुळता जाणवत नाही.

म्हणून प्रथम वाचनात सर्व नावे व वंशावळी पाठ करण्याचा अट्टाहास करू नये. प्रत्येक आख्यानापाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत : कोण सांगतो? कोणाला सांगतो? कोणत्या प्रसंगी सांगतो? जेथे कंटाळा आला, राग आला किंवा शंका आली, त्या जागा वहीत नोंदवून ठेवाव्यात. पुढे टीकाग्रंथ वाचताना याच नोंदी उपयोगी पडतील. कारण दुसऱ्याचे मत पारखायचे, तर आपला स्वतःचा प्रथम अनुभव हाताशी असावा लागतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्याला परिचित असलेले महाभारतातील एखादे उपाख्यान निवडा. त्याचा श्रोता कोण आहे ते शोधा आणि श्रोता बदलल्यास त्याच्या अर्थात कोणता फरक पडेल, हे दहा ओळींत लिहा.