थंडीतली झोळी

मायबहिणींनो, मार्गशीर्ष-पौषात पहाटेच शेतावर जायचे, काखेत तान्हे लेकरू, आणि गारठ्याने बोटे वळत नाहीत. अशा वेळी बांधावर गाठी मारत बसू नका. झोळीच्या दोन्ही टोकांना दोर घरीच, चुलीपुढे बसून, निरगाठीने पक्के करून ठेवा. शेतात नुसते दोर फांदीला बांधायचे.

फांदी आंब्याची वा चिंचेची, जाड पाहावी. शेवग्याचा भरवसा धरू नये, तो काडकन मोडतो. वर मोहोळ नाही ना, तेही बघा. लुगडे सुतीच घ्या. नायलॉनचे दिसते छान, पण गाठीतून सरकते. झोळी जमिनीपासून वीतभरच उंच असावी आणि लेकरू ठेवण्याआधी तिला स्वतःचा भार देऊन पाहावा.

पुष्कळ बाया वरून पांघरुणे रचतात, पण झोळीत थंडी शिरते ती खालून. पाठीखालचे कापड दबते आणि वारा थेट लागतो. म्हणून लुगडे दुहेरी करून मध्ये वाकळ घाला. पांघरूण छातीपर्यंतच, तोंड उघडे.

सर्वांत जपायचे ते श्वासाला. झोळी फार वाकली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. दोन्ही टोके लांब-लांब बांधा, आडवी काठी घालून कापड पसरते ठेवा, लेकरू उताणे निजवा, आणि कुणीतरी घडीघडी तोंड पाहून यावे. कुशीवर वळू लागलेल्या मुलाला झोळी नको. सपाट सतरंजी बरी, जवळ आजी बसलेली. शेकोटी दूर पेटवा, ठिणगी उडते. ऊन चढल्यावर मानेमागे हात लावा. घाम लागला तर एक पांघरूण काढा.