केझिकच्या डोंगरवाटा व सायकल

सायकल हें आपल्याकडे कचेरींत जाणाऱ्या कारकुनाचें, दूधवाल्याचें आणि शाळकरी मुलांचें वाहन. तिला सडक लागते, आणि ती सडकहि शक्य तों सपाट लागते, अशी आपली समजूत. तीच सायकल डोंगरावर न्यावी, दगडगोट्यांतून, झाडांच्या मुळ्यांवरून व ओढ्यांतून चालवावी, आणि तेंहि हौसेनें, असें कोणीं सांगितलें तर ऐकणारास तो वेडेपणा वाटेल. तथापि हा खेळ आज जगभर खेळला जातो, आणि १९९६ सालापासून ऑलिंपिक सामन्यांतहि त्यास स्थान मिळालें आहे. या खेळाविषयीं मी आज इंग्लंडमधील एका लहानशा गांवाच्या अनुषंगानें बोलणार आहें.

गांवाचें नांव केझिक. इंग्रजी लेखनांत त्यांत एक 'डब्ल्यू' असतो, पण उच्चारांत तो गडप होतो. इंग्रजी शिकविणाऱ्यांस अशा डोकेदुखीची संवय असतेच. वायव्य इंग्लंडांत, कंब्रियाच्या सरोवरांच्या प्रदेशांत हें गांव वसलेलें आहे. वस्ती पांचेक हजारांची. एका अंगास डर्वेंटवॉटर सरोवर, पाठीशीं ९३१ मीटर उंचीचा स्किडॉ पर्वत, त्याच्या पायथ्याशीं लॅट्रिग नांवाची ३६८ मीटरांची टेकडी, आणि पश्चिमेस व्हिनलॅटरचा घाट. आपल्या १६४६ मीटरांच्या कळसूबाईपुढें हे डोंगर ठेंगणे खरे. परंतु त्यांवरील एकेका वाटेस जो इतिहास आहे, तो मोठा बोधप्रद आहे.

प्रथम यंत्राविषयीं थोडें सांगतों. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत टॅमलपायस डोंगराच्या परिसरांत कांहीं तरुण जुन्या, जड, रुंद टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावूं लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्यें असे. एका उतारांतच तो इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, व खालीं पोंचल्यावर तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या उताराचें नांवच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हां भरा', असें पडलें. पुढें त्या सायकलीस गिअर आले, जोरकस ब्रेक आले, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा आल्या आणि आजची माउंटन बाइक तयार झाली. मात्र सायकल डोंगरावर नेण्याची हौस अमेरिकेनेंच प्रथम काढली असें नव्हे. इंग्लंडांत १९५५ सालींच 'रफ स्टफ फेलोशिप' या नांवाचें मंडळ निघालें होतें. त्याचे सभासद साध्या सायकली घेऊन खडकाळ वाटांनीं हिंडत, आणि जेथें चालवितां येईना तेथें सायकल उचलून घेत.

आतां वाटांविषयीं, कारण खरा विषय तोच आहे. इंग्लंडमधील डोंगर, कुरणें व रानें कोणाच्या ना कोणाच्या मालकीचीं असतात; पण त्यांतून जाणाऱ्या कित्येक वाटांवर जनतेचा वहिवाटीचा हक्क असतो. वहिवाट हा शब्द कोर्टकचेऱ्यांच्या कृपेनें आपणांस चांगलाच परिचित आहे. तेथें या हक्काच्या प्रती लावलेल्या आहेत. 'फूटपाथ' म्हणजे केवळ पायीं जाण्याची वाट. शहरांतील रस्त्याकडेचा फूटपाथ येथें अभिप्रेत नाहीं. 'ब्राइडलवे' म्हणजे घोडवाट. तिजवरून पादचारी व घोडेस्वार असे दोघेहि जाऊं शकतात. १९४९ च्या कायद्यानें या वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचें काम स्थानिक संस्थांवर सोंपविलें. पुढें १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याच्या ३० व्या कलमानें सायकलस्वारासहि घोडवाटेवरून जाण्याचा हक्क मिळाला. अट अशी कीं, त्यानें पादचाऱ्यास व घोडेस्वारास आधीं वाट द्यावी. त्याच कलमांत आणखी एक मासलेवाईक तरतूद आहे. ती वाट सायकलीच्या सोयीची करून देण्याचें बंधन या हक्कामुळें सरकारी संस्थांवर येत नाहीं! हक्क दिला, दगड मात्र जागच्या जागीं.

यामुळें मोठी चमत्कारिक स्थिति होते. वाट कोणत्या प्रतीची हें तिच्या रुंदीवरून वा पृष्ठभागावरून ठरत नाहीं; पूर्वीं तेथून कोण जात असे यावरून ठरतें. एखादी वाट बैलगाडी जाईल इतकी प्रशस्त असूनहि नकाशांत ती फूटपाथ असेल, तर सायकलस्वारानें ती सोडावी. न सोडल्यास तो गुन्हा होत नसला तरी मालकाच्या जमिनींतील अतिक्रमण ठरतें. उलट, धोंड्यांनीं भरलेली उभी चढण घोडवाट असली तर ती त्यास मोकळी. इंग्लंडांतील एकंदर वहिवाटींपैकीं सायकलीस खुल्या असलेल्या वाटा पंचमांशाहून फारशा अधिक नाहींत. २००० सालच्या कायद्यानें डोंगर व माळरानांवर मुक्त संचाराचा हक्क दिला, पण तोहि पायीं फिरणारांसच. सीमा ओलांडून स्कॉटलंडांत गेलें कीं २००३ च्या कायद्यामुळें जबाबदारीनें वागणाऱ्या सायकलस्वारास बहुतेक सर्व डोंगर खुले होतात. एकाच बेटावर दोन न्याय! मला स्वतःला स्कॉटलंडची रीत अधिक शहाणपणाची वाटते. परंतु आधीं वाट देण्याची इंग्रजी अट दोन्हीं ठिकाणीं असावी.

हे हक्क कोणीं ताटांत वाढून दिलेले नाहींत, हें केझिक गांवास चांगलें ठाऊक आहे. १८८७ सालीं लॅट्रिग टेकडीवर जाणारी वाट जमीनमालकानें अडथळे घालून बंद केली. गांवांत वाटांच्या रक्षणार्थ एक मंडळ होतें. त्याच्या पुढाकारानें १ ऑक्टोबर १८८७ रोजीं सुमारें दोन हजार माणसें अडथळे दूर करून टेकडीच्या माथ्यावर चालत गेलीं. प्रकरण कोर्टांत गेलें. १८८८ सालीं कार्लाइल येथें तडजोड होऊन स्पूनी ग्रीन लेन नांवाच्या गल्लीवरून माथ्यावर जाणारी वाट लोकांस मोकळी राहिली. या चळवळीच्या पाठीशीं असलेले जवळच्याच क्रॉस्थवेट येथील धर्मोपदेशक कॅनन रॉन्स्ली यांनीं पुढें १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर यांच्यासह नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली. आज त्याच स्पूनी ग्रीन लेनवरून सायकलस्वार लॅट्रिगकडे व पुढें स्किडॉकडे चढतात. स्किडॉच्या माथ्यापर्यंत जाणारी प्रमुख वाटहि घोडवाटच आहे. अर्थात् ती चढतांना बहुतेकांस सायकल ढकलावीच लागते.

हा झाला हक्काचा भाग. व्हिनलॅटरच्या घाटांतील प्रकार निराळा आहे. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडास लांकडाचा फार तुटवडा पडला, म्हणून १९१९ सालीं सरकारनें वनखातें उभारलें व ठिकठिकाणीं झाडें लावलीं. या घाटांतील अरण्य त्या आरंभींच्या लागवडींपैकीं आहे. तेथें वनखात्यानें खास सायकलींसाठीं वाटा बांधल्या आहेत. बर्फावरील घसरणींप्रमाणें त्यांस रंगांच्या श्रेणी आहेत: हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, तांबडी आणि शेवटीं काळी. येथील तांबडी वाट उत्तरेची एक व दक्षिणेची एक अशा दोन फेऱ्यांची असून दोन्हीं मिळून सुमारें १९ किलोमीटर भरतात. येथें न्यायाची भाषा चालत नाहीं, परवानगीची चालते. झाडें तोडावयाचीं असलीं किंवा वादळानें तीं उन्मळून पडलीं, कीं खातें वाट बंद करतें, आणि त्याविरुद्ध कोणास फिर्याद करतां येत नाहीं. घोडवाट मात्र अशी मर्जीनुसार मिटवितां येत नाहीं.

अशी वाट बांधणें ही विद्याच आहे. तिचा मुख्य शत्रु सायकल नव्हे, पाणी. केझिकच्या दक्षिणेस बॉरोडेल खोऱ्यांत सीथवेट ही वाडी आहे. तेथें वर्षास सुमारें साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास याहून पुष्कळ अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत आटोपतो. तेथें तो बारा महिने रिमझिमत असतो व माती कधीं नीट वाळत नाहीं. चाक ओल्या मातींत चर पाडतें. ब्रेक करकचून दाबून चाक फरफटत नेलें तर तो चर अधिकच खोल होतो. मग त्या चरास पाणी सांपडतें आणि वाटेचा ओढा होतो. पुष्कळ पायांनींहि हेंच होतें. दोष एकट्या सायकलीचा नाहीं. म्हणून जाणता बांधणारा वाट सरळ उतारावरून खालीं सोडीत नाहीं. तो ती डोंगराच्या कुशीनें आडवी नेतो, बाहेरच्या अंगास किंचित् कलती ठेवतो, आणि मधून मधून उतार मोडून बारीकसा चढ देतो, म्हणजे पाणी तेथें थबकून बाहेर पडतें. वळणावर बाहेरच्या बाजूस मातीचा उंच बांध घालतात. वळतांना शरीर बाहेर फेंकलें जाऊं पाहतें. कलता बांध चाकास आधार देतो, ब्रेक कमी लागतो व मातीहि वांचते.

पाण्याचा प्रताप केझिकनें ५ डिसेंबर २०१५ रोजीं पाहिला. जवळच्या हॉनिस्टर घाटांत त्या वादळांत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. ब्रिटनमध्यें तोंवर एवढी नोंद कधीं झाली नव्हती. ग्रेटा नदीच्या पुरानें केझिक ते थ्रेल्कल्ड या वाटेवरील दोन पूल वाहून नेले. ही वाट म्हणजे १९७२ सालीं बंद पडलेल्या आगगाडीचा जुना मार्ग. लांबी सुमारें पांच किलोमीटर, चढ नांवापुरता. डोंगरावरून उतरणारे पटाईत सायकलस्वार तिला कांहींशी तुच्छ लेखीत असतील. पण आजीआजोबा, चाकाच्या खुर्चीवरील माणसें आणि नुकतीच सायकल शिकलेलीं मुलें यांना याच वाटेनें नदीकांठचें रान पाहतां येतें. पूल पुन्हां बांधून व वाट रुंद करून ती डिसेंबर २०२० मध्यें खुली झाली. गाडी गेली, रूळ गेले, पूलहि एकदां गेले, तरी थ्रेल्कल्डचीं मुलें आतां पुन्हां सायकलवरून नदीकांठानें केझिकला येऊं शकतात.