घाटातला जीपीएस: गाडीतल्या संगणकासाठी निवड करताना होणारे गैरसमज

जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो. तो कुणालाही काही पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश तो पकडतो, संदेश निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ ताडून प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो आणि त्यावरून आपली जागा ठरवतो. त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात: तीन जागेसाठी आणि चौथा रिसीव्हरच्या स्वतःच्या घड्याळातली चूक काढण्यासाठी. या कामाला सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही, मोबाइलचा टॉवरही लागत नाही.

तरीही ‘रेंज गेली की जीपीएस बंद पडतो’ हा समज सगळ्यात घट्ट रुजलेला आहे. त्याला कारणही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात मलकापूर सोडून आंबा घाटाकडे किंवा गजापूरमार्गे विशाळगडाकडे निघाले की मोबाइलची रेंज तुटक होत जाते. पडद्यावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका सरकत राहतो, पण त्याखालचा नकाशा कोरा होतो, कारण तो इंटरनेटवरून येत होता. म्हणजे जीपीएस शाबूत असतो, नाहीसा होतो तो नकाशा. गाडीतल्या संगणकासाठी सॉफ्टवेअर निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न हा असावा की संपूर्ण जिल्ह्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो का, आणि रेंज नसताना नवा मार्ग काढता येतो का.

इंटरनेटचा जीपीएसला एक खरा उपयोग मात्र होतो, तो सुरुवातीला. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा नेमका तपशील मिळायला साधारण ३० सेकंदांचे अखंड ग्रहण लागते. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे जातात. मोबाइल हीच माहिती नेटवरून क्षणात घेतो, म्हणून तो लगेच जागा दाखवतो. गाडीतल्या साध्या रिसीव्हरला ही सोय नसते. दाट झाडीत, वळणावळणाच्या रस्त्यावर त्याला सलग ३० सेकंदही मिळत नाहीत आणि तो ‘शोधत आहे’ असे दाखवत बसतो. यंत्र बिघडले असे समजून ते बदलण्याआधी एवढे करून पाहावे: घाट सुरू होण्यापूर्वी, मोकळ्या आकाशाखाली ते सुरू करून जागा निश्चित होऊ द्यावी. एकदा मिळालेला कक्षेचा तपशील काही तास कामी येतो. छोटी बॅकअप बॅटरी असलेला रिसीव्हर हा तपशील गाडी बंद असतानाही जपतो, त्यामुळे चहाला थांबून पुन्हा निघताना वाट पाहावी लागत नाही. अशी बॅटरी असलेल्या रिसीव्हरला थोडे जास्त पैसे मोजणे योग्यच आहे.

पावसाबद्दलचा समज याच जातीचा. ‘पावसाळ्यात आंबा घाटात जीपीएस चालत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. जीपीएसच्या मुख्य लहरीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर. काही मिलिमीटरच्या थेंबांनी या लहरीचे फारसे बिघडत नाही. ढग आणि धुके तर तिच्या खिजगणतीतही नाहीत. अडथळा करतात ती भिजलेली पाने. आंबा परिसरातल्या दाट झाडीचे छत पावसात पाण्याने जड होते आणि पाण्याचा तो थर सिग्नल शोषतो. मोकळ्या माळावर मुसळधार पावसातही जागा नीट दिसते आणि झाडीत शिरल्यावर डगमगते, ती यामुळे.

घाटात खरे नुकसान करतो तो कातळ. सह्याद्रीच्या कड्यात खोदलेल्या रस्त्याला एका बाजूला उभी भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, त्यामुळे जवळजवळ अर्धे आकाश झाकले जाते. उरलेले उपग्रह एकाच बाजूला गोळा झालेले असले, की ते संख्येने पुरेसे असूनही जागा सैल निघते. शिवाय कातळावर आपटून आलेला सिग्नल लांबचा वळसा घेऊन येतो आणि रिसीव्हर त्यालाच खरे अंतर मानतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते, तीच अशा ठिकाणी कित्येक पटींनी वाढते आणि गाडी दरीत किंवा वरच्या वळणावर असल्याचे दिसते.

यावर दुकानात सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘जास्त चॅनेलचा’ किंवा ‘सेकंदाला दहा वेळा जागा सांगणारा’ रिसीव्हर. हे दोन्ही आकडे अचूकतेचे नाहीत. चॅनेल म्हणजे एकाच वेळी किती सिग्नलांचा माग काढता येतो त्याची क्षमता. आकाशात दिसणारे उपग्रह तेवढेच राहतात. आणि चुकीची जागा सेकंदाला दहा वेळा सांगितल्याने ती बरोबर ठरत नाही. पाहायचे ते रिसीव्हर किती देशांच्या उपग्रहमालिका ऐकतो आणि किती वारंवारतांवर. हौशी मंडळींत स्वस्त म्हणून लोकप्रिय असलेला यू-ब्लॉक्स निओ-६एम फक्त अमेरिकेच्या जीपीएस मालिकेवर चालतो. त्याच कंपनीच्या एम८ पिढीपासून रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू यांपैकी काही मालिका एकत्र वापरता येतात. एम१० पिढी चारही मालिका एकाच वेळी ऐकते. अर्धे आकाश झाकलेले असताना हा फरक निर्णायक असतो. ११७६.४५ मेगाहर्ट्झची दुसरी वारंवारता, म्हणजे एल५, ऐकणारा रिसीव्हर परावर्तित सिग्नल अधिक चांगला ओळखतो. घाटातल्या वापरासाठी जादा पैसे घालायचेच असतील तर ते या एल५ साठी घालावेत.

आपली नाविक प्रणाली असताना परदेशी मालिका कशाला, असेही विचारले जाते. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. या प्रणालीचे उपग्रह भारताच्या डोक्यावर उंच राहतील अशा कक्षांत ठेवलेले असल्याने घाटासाठी ही रचना मुळात फार उपयोगी आहे. पण पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, आणि त्या पिढीचे सिग्नल एल५ व एस या पट्ट्यांत असल्याने बाजारातल्या साध्या रिसीव्हरना ते ऐकूच येत नाहीत. जीपीएसच्या मुख्य लहरीच्या, म्हणजे एल१ पट्ट्यातला सिग्नल २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एनव्हीएस-०१ पासून सुरू झाला. म्हणून ‘नाविकसहित’ हा शिक्का जमेची बाजू आहे, पण केवळ नाविकवर विसंबून आज रिसीव्हर घेऊ नये. गगन ही वेगळी व्यवस्था आहे. ती भूस्थिर उपग्रहांवरून जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती पाठवते, विशेषतः आयनांबरामुळे होणाऱ्या चुकांची. कातळावरून परतलेला सिग्नल तिला दुरुस्त करता येत नाही.

रिसीव्हर कितीही चांगला असला तरी अँटेना चुकीच्या जागी असेल तर पैसे वाया जातात, आणि तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. अँड्रॉइड स्टिरिओसोबत दोन-तीन मीटर वायरची एक चपटी काळी डबी येते. बसवणारा घाईत असला की ती स्टिरिओच्या मागे, लोखंडी पट्ट्यांच्या गर्दीत कोंबून टाकतो. डबीत सिरॅमिकची चौकोनी वडी असते आणि तिचे तोंड आकाशाकडेच हवे. ती उलटी चिकटवली किंवा तिच्यावर पत्रा आला तर सिग्नल निम्म्याहून खाली जातो. जागा हवी ती डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठभागावर, काचेलगत. त्याहून उत्तम म्हणजे टपावर. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर टपाला पर्याय नाही.

सिग्नलचा दुसरा चोर म्हणजे विजेचा गोंगाट. स्वस्त कार चार्जर आणि हलक्या दर्जाचे डॅशकॅम जीपीएसच्या पट्ट्यातच खरखर सोडतात. याची तपासणी घरच्या घरी होते. जीपीएसटेस्टसारख्या ॲपमध्ये प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलच्या जोराचा आकडा दिसतो. मोकळ्या जागी चांगल्या उपग्रहांचा आकडा ४० च्या आसपास किंवा वर असतो. २५ च्या खाली गेलेला उपग्रह जवळपास निरुपयोगी. गाडी उभी ठेवून आधी सगळे प्लग काढावेत, आकडे पाहावेत आणि मग एकेक वस्तू जोडत जावे. जी जोडताच सगळे आकडे एकदम पाच-दहाने खाली येतात, ती दोषी.

बोगद्यात किंवा पूर्ण झाकलेल्या वळणावरही जागा हवी असेल तर उपग्रहांखेरीज दुसरा आधार लागतो. गतिमापक आणि दिशामापक संवेदक आत असलेला रिसीव्हर शेवटच्या पक्क्या जागेपासून हिशेब पुढे चालवतो. चाकाच्या वेगाची वायर जोडता आली तर हा हिशेब आणखी पक्का होतो. तरी ही सोय मिनिटभराच्या खंडासाठी असते, तासाभरासाठी नव्हे.

रिसीव्हर संगणकाला जोडल्यानंतरचे गैरसमज वेगळे. ‘एका वेळी एकच सॉफ्टवेअर जीपीएस वापरू शकते’ हे सिरीअल पोर्टपुरते खरे आहे. लिनक्सवर जीपीएसडी हा छोटा प्रोग्रॅम मध्ये ठेवला की तो पोर्ट एकटा सांभाळतो आणि हवी तेवढी सॉफ्टवेअर त्याच्याकडून माहिती घेतात. अँड्रॉइड टॅबलेटला बाहेरचा यूएसबी किंवा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला तरी नकाशाचे ॲप आपोआप तो वापरत नाही. त्यासाठी मध्यस्थ ॲप घालून डेव्हलपर पर्यायांत त्याला जागा पुरवण्याची परवानगी द्यावी लागते. हे न केल्यामुळे ‘नवा रिसीव्हर जुन्यासारखाच’ असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो.

स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक चूक तर ठरलेली. रिसीव्हर एनएमईए ०१८३ या पद्धतीने जागा सांगतो, तेव्हा अंश आणि मिनिटे एकत्र येतात. मलकापूर परिसरातल्या एखाद्या जागेसाठी तो १६५५.५० आणि ०७३५६.०० असे आकडे पाठवेल. त्यांचा अर्थ १६ अंश ५५.५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५६ मिनिटे पूर्व, म्हणजे दशांशात १६.९२५ आणि ७३.९३३. हे आकडे सरळ १६.५५५ आणि ७३.५६ असे वाचले तर गाडी दक्षिणेला सुमारे ४१ आणि पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटर सरकते, थेट घाट उतरून खारेपाटण-विजयदुर्गच्या बाजूला. रिसीव्हरचा यात काही दोष नसतो.

जुना रिसीव्हर स्वस्तात मिळाला तर त्याची तारीख आधी पाहावी. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे १०२४ पर्यंतच मोजतो. ही मोजणी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पुन्हा शून्यावर आली. ज्या रिसीव्हरमधले सॉफ्टवेअर सुधारले गेले नाही तो जवळपास वीस वर्षे मागची तारीख दाखवतो. जागा बरोबर येऊ शकते, पण प्रवासाच्या नोंदी निरुपयोगी होतात.

उंचीचा आकडा पाहून रिसीव्हर चुकीचा ठरवू नये. उपग्रह मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची, आणि कोल्हापूर परिसरात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून अधिक कमी भरते. काही सॉफ्टवेअर हा फरक दुरुस्त करतात, काही करत नाहीत.

सॉफ्टवेअर महाग किंवा नामांकित असले की रस्ता बरोबरच दाखवणार, ही समजूत शाहूवाडीत लवकर उघडी पडते. ‘मलकापूर’ एवढेच टाकले तर बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर समोर येऊ शकते किंवा कराडजवळचे. जिल्ह्याचे नाव जोडता येणारे, मराठीतून शोधू देणारे आणि अक्षांश-रेखांश थेट स्वीकारणारे सॉफ्टवेअर इथे लागते. गूगल मॅप्सचा नकाशा उतरवून ठेवला तर गाडीचा मार्ग ऑफलाइनही मिळतो, पण रहदारीची माहिती मिळत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. साठवलेल्या नकाशाला असे काही कळण्याचा मार्गच नसतो. कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गाच्या रुंदीकरणासारखी कामे चालू असताना वर्षभर जुना नकाशाही दिशाभूल करतो.

जवळचा रस्ता हाच योग्य रस्ता, असे सॉफ्टवेअर समजते कारण त्याला गाडी ठाऊक नसते. उसाने भरलेला ट्रक आणि मोटार यांना अरुंद पुलावर एकच न्याय लावून चालत नाही. ओएसएमअँड या ॲपमध्ये ट्रकची उंची, वजन, लांबी भरता येते, आणि नकाशात तशा मर्यादांची नोंद असेल तर मार्ग त्याप्रमाणे निघतो. ऑरगॅनिक मॅप्स हलके आणि सोपे आहे. जुन्या टॅबलेटवर तेच घालावे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी नॅव्हिट आहे. मॅपमायइंडियाच्या मॅपल्समध्ये भारतातल्या पत्त्यांची चांगली जाण आहे. शाहूवाडीसारख्या भागात दोन वेगवेगळ्या नकाशांवरची दोन सॉफ्टवेअर ठेवणे हाच व्यवहार्य निर्णय.

प्रवासी वाहनांना सक्तीचे असलेले एआयएस-१४० यंत्र बसवले म्हणजे नॅव्हिगेशन आले, असे नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना (रिक्षा आणि दुचाकी वगळून) ते लागते. ते वाहनाची जागा नियंत्रण केंद्राला कळवते आणि आणीबाणीच्या बटणाची सोय देते. चालकाला वाट दाखवणे हे त्याचे काम नव्हे.

ओएसएमअँड, ऑरगॅनिक मॅप्स आणि नॅव्हिट हे तिन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात, आणि तो नकाशा २००४ पासून मुख्यतः स्वयंसेवक भरत आले आहेत. एखादा फाटा, एखादा धनगरवाडा, पावसात पाण्याखाली जाणारा फरशीपूल यांची नोंद तिथे कुणीही करू शकते. तालुक्यातल्या ज्यांना या वाटा पायाखालच्या आहेत, त्यांनी आपापल्या वाडीपासून ती सुरू करावी.