पट्टेदार मासा, निर्यातबंधने आणि शेततळ्याची संधी

बंगळूरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसरात एखाद्या घरातील काचटाकीत अंगभर आडवे पट्टे असलेला झेब्रा लोच दिसला, तर तो परदेशी असावा असे वाटते. प्रत्यक्षात हा मासा सह्याद्रीचाच. बंगळूरूच्या सेंट्रल कॉलेजमधील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतील नमुन्यांवरून त्याचे ‘बोटिया स्ट्रायटा’ असे नामकरण केले. कोल्हापूर परिसरातील नद्यांतही तो आढळतो.

आज ही प्रजाती धोक्यात आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००५ ते २०१२ या काळात ३० संकटग्रस्त प्रजातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे भारतातून निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा असलेल्या प्रजातींमध्ये झेब्रा लोच आणि ‘मिस केरळ’ म्हणून प्रसिद्ध असलेला डेनिसन बार्ब यांचा समावेश होता.

डेनिसन बार्बच्या पकडीवर व निर्यातीवर केरळने २००८ मध्ये निर्बंध घातले. तरीही व्यापार सुरूच राहिला. पावसाळ्यातील जून-जुलै आणि ऑक्टोबर हे बंदीचे महिने ठरले. पुढील संशोधनात मात्र प्रजननाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा आढळला. किडीची अवस्था न पाहता केलेली फवारणी जशी वाया जाते, तशीच जीवनचक्राशी न जुळणारी बंदीही निष्फळ ठरते.

बंदी घातली तरी बाजारातील मागणी संपत नाही. ती अन्यत्र वळते. आग्नेय आशियातील मत्स्यशेतीत डेनिसन बार्बची पैदास होऊ लागली आणि मूळ भूमीतील उत्पादक मागे पडला. केरळमधील पनंगाड येथील मत्स्य महाविद्यालयाने या माशाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. नदीतील साठ्याला हात न लावता उत्पन्न मिळवण्याचा मार्ग त्यातून खुला होतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्यात. नदीतून मासे वेचून विकू नयेत. सुरुवात गप्पी, मॉली यांसारख्या सहज वाढणाऱ्या, टाकीत पैदास केलेल्या माशांपासून करावी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे. सद्यःस्थितीची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

सह्याद्रीचा मासा जगाच्या टाक्यांत पोहोचो. पण तो शेतकऱ्याच्या हौदातून जावा, नदीच्या तळातून नव्हे.